चित्र बोर्डला चिकटवायचं की बिजागरीवर टांगायचं? काचेमागच्या फ्रेमची तुलना, कोल्हापूरच्या पावसाचा हिशेब धरून

फ्रेमच्या दुकानात काउंटरवर पट्ट्यांचे कोपरे मांडलेले असतात आणि निवड तिथूनच सुरू होते: सोनेरी, काळी की सागवानी. चित्राचं पुढं काय होणार हे मात्र पट्टीवर ठरत नाही. चित्रामागं कोणता बोर्ड आहे, चित्र त्याला कसं धरलंय आणि काच कागदाला टेकते की नाही, यावर ते ठरतं. भिंतीवर लावल्या दिवशी घाईत केलेली आणि नीट केलेली फ्रेम सारखीच दिसते. दोन पावसाळे गेले की फरक कळतो. कागदाला लाटा येतात, आभाळाच्या निळ्यात तपकिरी ठिपके उमटतात, काचेच्या आतून पांढरी बुरशी धरते.

कोल्हापूर हे जलरंगाचं गाव. आबालाल रहिमान (निधन १९३१) यांच्या काळापासून इथली माणसं रंकाळ्यावर, कोटीतीर्थावर, पंचगंगेच्या घाटावर बसून निसर्गचित्रं करत आली आहेत. अशी कागदावरची चित्रं इथल्या अनेक घरांत आहेत, आणि कागदाला इथली हवा सोपी नाही. जून ते सप्टेंबर आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या खाली उतरत नाही, मार्च-एप्रिलच्या दुपारी ती निम्म्याहून खाली जाते. कागद ओलाव्यानं वाढतो आणि कोरड्या हवेत आकसतो. फ्रेममध्ये त्याला ही हालचाल करू द्यायची की करकचून बांधून टाकायचं, हा पहिला निर्णय. बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात.

आकडे समोर राहावेत म्हणून एकच चित्र धरू: अर्धा इंपीरियल, म्हणजे १५ × २२ इंच, ३०० जीएसएम (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागद, आडवं जलरंगातलं निसर्गचित्र. चारी बाजूंनी पाव इंच कागद माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली, दाबला जाईल, म्हणून खिडकी १४.५ × २१.५ इंचांची. माउंटची रुंदी वर आणि दोन्ही बाजूंना ३ इंच, खाली साडेतीन. बाहेरचं माप येतं २१ × २७.५ इंच. काच, बोर्ड, पट्टी यांचा पुढचा सगळा हिशेब याच मापाचा.

चिकटवणं आणि टांगणं

दुकानातली रूढ पद्धत म्हणजे चित्र पाठीमागून पूर्ण चिकटवून टाकायचं. हार्डबोर्ड किंवा एमडीएफवर गोंद, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फिल्म नाहीतर स्प्रे, त्यावर चित्र, वरून रूळ. फायदा डोळ्यांना लगेच दिसतो: कागद काचेसारखा सपाट. पोस्टर, छापील प्रत, मुलांच्या स्पर्धेतलं चित्र, पुन्हा काढता येईल असा अभ्यास, यांच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. काम लवकर होतं, खर्च कमी येतो.

मूळ जलरंगाला मात्र ती तीन ठिकाणी मारते. पहिलं, जलरंगातला बांधणारा पदार्थ म्हणजे अरेबिक गम, आणि तो पाण्यात विरघळतो. ओला गोंद लावताना पाठीमागून ओल पुढं आली की गडद छटांच्या कडा पसरतात. दुसरं, ओला झालेला कागद साधारण एक टक्का वाढतो. २२ इंचांवर ही वाढ पाच-साडेपाच मिलिमीटर होते. तो वाढलेल्या स्थितीत चिकटतो, वाळताना आकसायला बघतो, आकसता येत नाही म्हणून बोर्डलाच ओढतो. ३ मिमी एमडीएफ चित्राच्या बाजूला वाटीसारखा वाकतो तो याच कारणानं. तिसरं आणि सगळ्यांत वाईट, हे परत फिरवता येत नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद वाळला की पाण्यानं सुटत नाही. स्प्रे आणि चिकटफिती काही वर्षांत पिवळ्या पडतात, त्यांचा डाग कागदातून पुढं येतो आणि तोवर चिकटपणा जाऊन कडा उचललेल्या असतात. म्हणजे धरून ठेवायचं काम संपलं तरी डाग मागं राहतो.

दुसरी पद्धत बिजागरीची. वरच्या कडेला पाठीमागून जपानी टिश्यूच्या दोन छोट्या पट्ट्या, त्या मागच्या बोर्डला. बाकी चित्र मोकळं. बाजूंना आणि खाली वाढायला जागा आहे, आणि पाव इंच माउंटखाली असल्यानं ती हालचाल बाहेरून दिसत नाही. भर पावसात कागदाला हलकी लाट येते, दिवाळीनंतर ती आपसूक बसते. ही लाट म्हणजे बिघाड नव्हे. ज्यांना ती अजिबात सहन होत नाही त्यांच्यासाठी तिसरा मार्ग पुढं दिला आहे.

बिजागरीचं काम घरी एका संध्याकाळी होतं. टिश्यू कात्रीनं कापायचा नाही: ओल्या ब्रशनं रेघ ओढून हळू फाडायचा. कडेला केसासारखे तंतू मोकळे होतात, ते कागदात मिसळून जातात आणि पुढून वळ दिसत नाही. कापलेली सरळ कड मात्र वर्षभरात चित्राच्या पुढच्या बाजूला रेघ होऊन उमटते. पट्टी एक इंच रुंद, दीड इंच लांब. त्यातला फक्त ५ मिमी भाग चित्राच्या पाठीवर, उरलेला वर मागच्या बोर्डवर, आणि त्यावर आडवी दुसरी पट्टी, म्हणजे टीचा आकार होतो. २२ इंचांच्या चित्राला दोन पुरतात, दोन्ही कोपऱ्यांपासून ३ ते ४ इंच आत. पूर्ण इंपीरियल (२२ × ३० इंच) आडवं असेल तर मध्ये तिसरी.

खळ गव्हाच्या स्टार्चची हवी, मैद्याची नको. मैद्यात ग्लुटेन असतं, ती खळ कडक होते आणि कसरीला, झुरळांना आमंत्रण देते. एक भाग स्टार्च, चार भाग पाणी. अर्धा तास भिजवून मंद आचेवर २० ते ३० मिनिटं सतत ढवळत शिजवायची. दुधासारखा पांढरा रंग जाऊन ती अर्धपारदर्शक झाली की उतरवायची, गार करून बारीक चाळणीतून दोनदा गाळायची, मग थोडं पाणी घालून दाट सायीइतकी करायची. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. वास आला की टाकून द्यायची. ब्रशवर जेमतेम घ्यायची, कारण जास्त खळ म्हणजे जास्त पाणी आणि पुढून दिसणारा खळगा. लावल्यावर वर पातळ पॉलिएस्टर कापडाचा तुकडा, त्यावर ब्लॉटिंग पेपर, त्यावर काचेचा तुकडा आणि अर्ध्या किलोचं वजन. पाच मिनिटांनी ब्लॉटिंग पेपर बदलायचा, मग तासभर हात लावायचा नाही. इथं घाई केली की पट्टी वाळताना कागद ओढते आणि वरच्या कडेला दोन सुरकुत्या कायमच्या बसतात.

टिश्यू चित्राच्या कागदापेक्षा कमजोर असायला हवा, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. फ्रेम खिळ्यावरून पडली तर बिजागरी फाटली पाहिजे, चित्र नाही. म्हणून इथं कापडी टेप, ब्राउन टेप किंवा "जास्त मजबूत" म्हणून सुचवलेली कुठलीही चिकटफीत नको. दुकानात एवढं सांगितलं तरी पुरतं: "मामा, चित्राला टेप लावू नका. बिजागरी मी घरी लावून आणतो, तुम्ही वर माउंट, काच आणि पाठ तेवढी बसवा." बहुतेक कारागीर हे आनंदानं करतात. त्यांचंही जोखमीचं काम वाचतं.

आता तिसरा मार्ग: सपाटपणा हवाच असेल तर चित्र काढायच्या आधी कोरा कागद बोर्डवर चढवायचा. कोऱ्या कागदाला ओल लागली तरी पसरायला रंगच नसतो. ६ मिमी एमडीएफला चारी कडांसकट ॲक्रिलिक प्रायमरचे दोन हात, मधे हलका सँडपेपर. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे तो पूर्ण वाढतो. मग ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) असं लिहिलेला पीव्हीए गोंद, आणि मधून कडांकडं रूळ. बोर्डच्या पाठीला त्याच जातीचा, त्याच मापाचा कागद तसाच चिकटवायचा. हा मागचा कागद वाया जातो असं वाटून तो वगळला की बोर्ड वाकणारच. मागचा कागद पुढच्या ओढीला तोडीस तोड ओढ देतो, तेवढंच त्याचं काम. दोन सपाट फळ्यांमध्ये ४८ तास वजनाखाली. ज्यांची चित्रं वारंवार प्रदर्शनात जातात, ज्यांना पाण्यानं भिजवून मोठे वॉश टाकायचे असतात, त्यांना ही पद्धत आम्ही मनापासून सुचवतो. जोखीम एवढीच की बोर्ड आणि चित्र आता एकजीव झाले. पुढं कधी बोर्ड बिघडला तर चित्र त्याच्याबरोबर जातं, म्हणून इथं बोर्डमध्ये काटकसर करायची नाही.

झालेलं चित्र आधीच कुणी चिकटवून ठेवलं असेल तर सोलायला जाऊ नये. सुरीनं कोपरा उचलून बघण्यानं कागदाचा वरचा थर बोर्डवरच राहतो. बोर्डसकट नवीन फ्रेम करावी, काचेपासून अंतर ठेवावं, आणि चित्र मोलाचं असेल तर कागदाचं संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडं तसंच न्यावं.

कोणता बोर्ड

कोल्हापुरात सहज मिळणारे पर्याय आपल्या २१ × २७.५ इंचांच्या मापाला असे बसतात. वजनं अंदाजे आहेत, कंपनीगणिक थोडी हलतात.

| बोर्ड | वजन | ओलाव्यात काय होतं | कागदाशेजारी चालेल? |
|---|---|---|---|
| एमडीएफ ३ मिमी | ०.८ किलो | कडा फुगतात, परत बसत नाहीत | मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड असेल तरच |
| एमडीएफ ६ मिमी | १.७ किलो | तेच, पण वाकतो कमी | तेच |
| सनबोर्ड ५ मिमी | १ किलो | काही नाही | नाही |
| फोमबोर्ड ५ मिमी | पाव किलो | कागदी पापुद्रा ओल धरतो | ॲसिड-फ्री पापुद्र्याचा असेल तर |
| एसीपी ३ मिमी | दीड किलो | काही नाही | हो |
| पोकळ प्लॅस्टिक शीट ३ मिमी | २०० ग्रॅम | काही नाही | हो |

सनबोर्ड हलका, पांढराशुभ्र, पाण्याला दाद न देणारा, म्हणून हल्ली सर्रास वापरतात. पण तो पीव्हीसी आहे. वर्षं जातील तसं त्यातून आम्ल बाहेर पडतं, आणि काचेमागच्या बंद जागेत ते जाणार कुठं? कागदातच. पाटीला, कटआउटला उत्तम, चित्रामागं नको.

एमडीएफबद्दल उलट गैरसमज आहे. तो सपाट असतो, चूक (बारीक खिळा) धरतो, सुताराच्या हातात बसतो, म्हणून लोकांना तो भक्कम वाटतो. कोरड्या घरात, सील करून, मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड ठेवून तो चालतो. भिजला की संपला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शहराच्या सखल भागांत पाणी घरात शिरलं होतं. ज्या घरांना तो धोका आहे त्यांनी एमडीएफ टाळावा. तो कडेनं पाणी पितो, जाडी वाढते आणि आतून चौकटीचे कोपरे उघडतात.

एसीपी म्हणजे दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात तो ॲल्युमिनियमचा पत्रा दोन्ही बाजूंना आणि मध्ये प्लॅस्टिक असलेला बोर्ड. फ्रेमवाल्याकडं नसेल, पण पाट्या बनवणाऱ्यांकडं उरलेले तुकडे असतात आणि ते मापात कापून देतात. फुगत नाही, वाकत नाही, वाळवी लागत नाही, भिंतीची ओल आत येऊ देत नाही. कडा धारदार असतात, कानशीनं मारून घ्याव्यात. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची, पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर पाठीला हाच.

आणि कुणी फारसं सुचवत नाही तो पर्याय: निवडणुकीच्या, कोचिंग क्लासच्या छोट्या पाट्यांना वापरतात ती पोकळ नळ्यांची प्लॅस्टिक शीट. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, आम्ल सोडत नाही, पाणी पीत नाही, वजन नगण्य. कडकपणा कमी, म्हणून मोठ्या मापाला एकटी पुरत नाही. आपल्या मापाला मात्र मागं ॲसिड-फ्री माउंटबोर्ड आणि त्यामागं ही शीट, एवढं भरपूर आहे. घरातल्या भिंतीसाठी आमची पहिली निवड हीच.

प्लायवूडचा विचार सोडून द्यावा.

काच, ॲक्रिलिक, आणि मधली जागा

काचेचं वजन सोप्या सूत्रात बसतं: एक चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागं अडीच किलो. आपलं माप ०.३७ चौरस मीटर भरतं. २ मिमी काच १.९ किलो, ३ मिमी २.८ किलो. ॲक्रिलिक साधारण निम्म्यानं हलकं: २ मिमी ०.९ किलो, ३ मिमी १.३ किलो.

काच ओरखडत नाही, पुसायला सोपी, वर्षानुवर्षं तशीच राहते, स्वस्तही पडते. फुटली तर चित्राला कापते. ॲक्रिलिक फुटून धार येत नाही, पार्सलनं मुंबईला पाठवायचं असेल तर तेच घ्यावं. पण ते कोरड्या फडक्यानंही ओरखडतं, अमोनिया असलेल्या काच-क्लीनरनं त्यावर बारीक तडे येतात, आणि तापमानानं ते वाढतं. २७.५ इंचांच्या शीटला २० अंश फरकात सुमारे १ मिमी. फ्रेममध्ये घट्ट बसवलं की मध्ये फुगून पुढं येतं. त्यामुळं लांबी-रुंदीत ३ मिमी सूट ठेवायची. आणि ॲक्रिलिक स्थिर विजेनं धूळ ओढतं, तसेच सुटे रंगकणही ओढतं. म्हणून सॉफ्ट पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना ॲक्रिलिक कधीच नाही, तिथं काचच.

उन्हाबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक मिळतं, ते चांगलंच आहे, पण दिसणाऱ्या प्रकाशानंही रंग उडतो. संग्रहालयं जलरंगांसाठी ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मर्यादा पाळतात, थेट ऊन लाखाच्या घरात जातं. अलिझरिन क्रिमझनसारखा नाजूक लाल असेल तर खिडकीसमोरच्या भिंतीला कुठलीही काच वाचवू शकत नाही. भिंत बदलावी.

नॉन-ग्लेअर म्हणून मिळणारी खरबरीत काच घेताना एक अडचण कुणी सांगत नाही. ती चित्राला जवळपास टेकलेली असेल तरच स्वच्छ दिसते. जितकी दूर जाईल तितकं चित्र धुक्यात गेल्यासारखं होतं. आणि इथल्या हवेत काच चित्राला टेकून चालतच नाही. म्हणजे ज्या कारणानं ती घ्यायची ते कारण आणि चित्राची गरज एकमेकांविरुद्ध आहेत. साधी काच घ्यावी आणि समोरचा दिवा हलवावा.

कारण मधली जागा हाच या सगळ्या कामाचा प्राण आहे. रात्री भिंत गार होते, काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं. कागद काचेला लागलेला असेल तर ती ओल जाते थेट रंगात. गम मऊ होतो, काचेला चिकटतो, आणि पुढं कधी काच काढली की रंगाचा थर काचेवर राहतो. हवेची फट असली तर दव तिथल्या तिथं उडून जातं.

फट दोन प्रकारे मिळते. माउंटनं, किंवा कडेला लपवलेल्या स्पेसर पट्टीनं. माउंटबोर्डची नेहमीची जाडी १.४ मिमी. फोटोला ती पुरते. १५ × २२ च्या जलरंगाला पावसाळ्यातली लाट धरता आमच्या मते पुरत नाही, डबल माउंट घ्यावं म्हणजे २.८ मिमी होतात. पूर्ण इंपीरियलला डबल माउंटखाली आणखी ३ मिमी स्पेसर. माउंट नको, चित्राच्या फाटक्या कडा दिसाव्यात असं वाटत असेल तर चित्र मागच्या बोर्डवर लपलेल्या बिजागरीनं तरंगतं ठेवायचं आणि काचेखाली ५ ते ६ मिमीचा स्पेसर द्यायचा. हे फार देखणं दिसतं, पण इथं कागदाची हालचाल लपवणारं काहीच नसतं, हे धरून चालावं.

माउंटबोर्ड ॲसिड-फ्री आहे का हे रंगावरून कळत नाही. पण वापरलेलं साधं माउंट ओळखता येतं: खिडकीचा पंचेचाळीसचा कट पिवळट-तपकिरी झालेला असतो. ते उचललं तर चित्रावर खिडकीच्या कडेनं तशीच तपकिरी रेघ भाजल्यासारखी उमटलेली दिसते, आणि ती जात नाही. नव्या बोर्डच्या तुकड्यावर पीएच पेननं, म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या पेननं, रेघ मारून बघावी. जांभळी आली तर घ्यावा, पिवळी आली तर परत करावा. मागचा बोर्डही याच जातीचा हवा, नाहीतर पुढून सांभाळलं आणि पाठीतून डागलं असं होतं. कटर वापरत असाल तर दोन-तीन खिडक्यांमागं ब्लेड बदला. बोथट ब्लेडनं कोपऱ्यात तंतू उसवतात आणि ते झाकता येत नाहीत.

पट्टी आणि पाठ

पट्टीवर खर्च करायचा असेल तर रुंदीपेक्षा, काच आणि बोर्ड ज्यात बसतात त्या मागच्या खाचेच्या खोलीवर करा. २ मिमी काच, २.८ डबल माउंट, १.४ मागचा बोर्ड, ३ मिमी पाठ: ९.२ मिमी झाले. खाच किमान १२ मिमी हवी. बऱ्याच सडपातळ सिंथेटिक पट्ट्यांची खाच ८ मिमीच असते. मग चुका तिरक्या मारल्या जातात, पाठ बाहेर फुगते आणि दाब काचेवर येतो. एक इंच रुंद पट्टी आपल्या मापाला पावणेनऊ फूट लागते (परिघ ९७ इंच, अधिक आठ कापांचे आठ इंच), म्हणजे साडेनऊ-दहा फुटी पट्टी एकात भागते. सागवान टिकतं आणि दुरुस्त होतं, सिंथेटिकला वाळवी लागत नाही, ॲल्युमिनियम सर्वांत सरळ राहतं. तिन्ही चालतात. कोपरा गुण्या लावून बघावा आणि बोट फिरवून पायरी लागते का ते पाहावं.

पाठीवर ब्राउन पेपर चिकटवल्यानं धूळ आणि कसर थांबते, ओल थांबत नाही. ओल थांबवते ती त्याच्या आतली प्लॅस्टिक किंवा एसीपीची शीट. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बुश (छोटी रबरी बटणं) लावलेच पाहिजेत, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात ५ ते १० मिमी हवा खेळते. हे दोन बुश वगळल्यानं जेवढ्या फ्रेमांना बुरशी लागते तेवढी काचेच्या चुकीनंही लागत नसेल. डी-रिंग (टांगायच्या कड्या) वरून एक तृतीयांशावर, आणि एका खिळ्याऐवजी प्लग मारून दोन स्क्रू. एसीपी आणि २ मिमी काच असलेली आपली फ्रेम ५ किलोच्या आसपास जाते, ॲक्रिलिक आणि पोकळ शीटवाली ३ किलोच्या आत राहते.

तुमचं चित्र कोणतं?

घरातल्या कोरड्या, आतल्या भिंतीवर लावायचं मूळ जलरंग: बिजागरी, डबल ॲसिड-फ्री माउंट, २ मिमी काच, पोकळ शीट. नवीन बांधकामाच्या फ्लॅटमध्ये पहिला पावसाळा चित्र लावूच नये. प्लॅस्टर आतून ओलं असतं.

शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन आणि नंतर चित्रं गावोगाव जाणार: ॲक्रिलिक २ किंवा ३ मिमी, बिजागरीऐवजी आधीच बोर्डवर चढवलेला कागद, ॲल्युमिनियमची पट्टी. काचच घेतली असेल तर प्रवासात तिच्यावर मास्किंग टेपच्या जाळीदार फुल्या माराव्यात, फुटली तर तुकडे जागच्या जागी राहतात. ॲक्रिलिकवर टेप मारायची नाही.

पेस्टल, कोळसा: काच, माउंटखाली ३ ते ४ मिमी स्पेसर असा की माउंटच्या आतल्या कडेखाली अरुंद चर राहील. सुटणारी पूड त्या चरात पडते, माउंटच्या पांढऱ्या कटावर जमत नाही.

बोर्डवरचं तैलचित्र: काच शक्यतो नकोच. तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. त्याआधी काचेमागं कोंडलं तर काचेवर आतून तेलकट धुरकटपणा येतो. वाळल्यावर व्हार्निश, आणि फक्त पट्टीची चौकट.

आजोबांच्या काळातलं, आधीच डागाळलेलं चित्र: नवीन फ्रेम करायच्या आधी त्यातली बुरशी वाळून थंडावायला हवी. फ्रेम उघडून, चित्र सावलीत, पंख्याच्या अप्रत्यक्ष वाऱ्यात दोन-तीन दिवस मोकळं ठेवावं. उन्हात नाही, फडक्यानं पुसून नाही. ओल्या चित्राला बंद केलं की आतली बुरशी बाहेरच्यापेक्षा जोरात वाढते.

आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये एकदा फ्रेम उतरवून पाठीवर हात ठेवावा. गार, दमट लागली तर महिनाभर आतल्या भिंतीवर न्यावी. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यावं, काचेवर फवारू नये, कारण ते खाली ओघळून खाचेतून माउंटमध्ये जातं. पुढून तिरकं बघून कागदाचा एखादा भाग काचेला लागून गडद, ओलसर दिसला तर मागून उघडून ओढू नये. फ्रेम काच खाली करून आडवी ठेवावी, पाठ तेवढी काढावी, खोलीत पंखा लावून सावकाश वाळू द्यावं. सुटलं तर आपोआप सुटतं. न सुटल्यास काच आणि चित्र एकत्रच, तसंच आडवं, जाणकाराकडं न्यावं.